रस्त्यापेक्षा खाली ठेवलेलं मैदान

होबोकनच्या उत्तर-पश्चिम कोपऱ्यात बास्केटबॉलचं एक मैदान आहे. ते आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खाली आहे, आणि हे चुकून झालेलं नाही. जोराचा पाऊस आला की या मैदानात पाणी भरावं, तिथेच थांबावं आणि रस्ते मोकळे राहावेत, अशाच हिशेबानं ते खणलंय. एरवी पोरं तिथे खेळतात. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस ते मैदान असतं आणि थोडे तास तळं.

तुमच्यापैकी बरेच जण जर्सी सिटीत किंवा होबोकनमध्ये राहत असाल, रोज पाथ ट्रेननं नदीखालून मॅनहॅटनला जात असाल. हे ठिकाण तुमच्या घरापासून कदाचित वीस मिनिटांवर असेल. नाव जरा अवघड आहे: रेझिलियन्सिटी पार्क. जून २०२३मध्ये ते उघडलं. क्षेत्रफळ सुमारे पाच एकर. जमिनीखालची टाकी आणि वरचे खोलगट भाग मिळून २० लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ७५ लाख लिटर पाणी त्यात मावतं. पूर्वी इथे रसायनांचा कारखाना होता. ही जागा होबोकन शहरानं २०१६मध्ये बीएएसएफ कंपनीकडून ३ कोटी डॉलरला विकत घेतली.

मॅनहॅटनच्या समोर, फ्लॅटचे भाव आकाशाला भिडलेल्या गावात, पाच एकर जागा कुणी मोकळी ठेवतं का? बिल्डरनं तिथे काय काय उभं केलं असतं! मला या पार्कच्या अभियांत्रिकीपेक्षा हा प्रश्न जास्त इतिहासाचा वाटतो. एखादं शहर आपली सगळ्यात महाग गोष्ट, म्हणजे जागा, पाण्यासाठी राखून ठेवायला कधी तयार होतं? आणि ठेवली, तर ती कुणासाठी?

हे पुढचं नकाशा समोर ठेवून वाचलंत तर बरं. होबोकन म्हणजे जेमतेम सव्वा चौरस मैलाचं गाव, २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या साठ हजारांच्या थोडी वर. पूर्वेला हडसन नदी. नदीकाठी उंचवटा आहे, जिथे आज स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट आहे. पश्चिमेला पॅलिसेड्सचा कडा. या दोन्हींच्या मधला भाग सखल. आता सगळीकडे विटांच्या इमारती दिसतात, पण अठराव्या शतकात ही भरतीच्या पाण्याची दलदल होती. भरतीला होबोकनचा उंचवटा जवळपास बेटासारखा उरायचा.

कर्नल जॉन स्टीव्हन्स यांनी ही जमीन १७८४मध्ये लिलावात घेतली. मूळ मालक विल्यम बेयर्ड क्रांतीच्या काळात इंग्रजांच्या बाजूनं गेला, म्हणून त्याची मालमत्ता जप्त झाली होती. गंमत बघा, याच सुमाराला आपल्या मुंबईत हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा होत होता आणि बेटांमधल्या सखल जमिनीत शिरणारा समुद्र अडवला जात होता. दोन गावं, एकमेकांना अजिबात न ओळखणारी, एकाच वेळी पाण्याला सांगत होती की आता इथे येऊ नकोस.

स्टीव्हन्सनी १८०४मध्ये गावाचा आराखडा करून घेतला. सरळ रेषेतले रस्ते, चौकोनी ब्लॉक, मध्ये सार्वजनिक चौकासाठी मोकळी जागा. कागदावर दलदल आणि खडक यांत काही फरक नाही. जाळी दोन्हींवर सारखीच बसते. पुढे १८३८मध्ये स्टीव्हन्स कुटुंबाची होबोकन लँड अँड इम्प्रूव्हमेंट कंपनी झाली, आणि एकोणिसाव्या शतकात दलदल भरत भरत पश्चिमेकडे गाव सरकलं. उंच बाजूला चांगली घरं, सखल बाजूला रेल्वे, गोदामं, कारखाने आणि कामगारांची वस्ती. ओल्या जमिनीवर कोण राहणार हे नदीनं नाही ठरवलं, जमिनीच्या भावानं ठरवलं.

मग गटारं आली. अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या शहरांसारखी इथली गटारंही एकत्रित आहेत, म्हणजे घरातलं सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं. पाऊस वाढला की पाइप भरतो आणि जादा पाणी मैल्यासकट हडसनमध्ये सोडावं लागतं. पण हडसनला इथे भरती-ओहोटी आहे. भरतीच्या वेळी नदीच पाइपाच्या तोंडाशी उभी. पाणी जाणार कुठे? ते तळघरात येतं. हे समजायला अभियंता असायची गरज नाही. मुंबईत वाढलेल्या तुमच्या आईबाबांना विचारा. जुलै महिन्यात पाऊस आणि भरती एकत्र आली की काय होतं ते त्यांना पाठ असतं.

२९ ऑक्टोबर २०१२ला सँडी वादळ आलं तेव्हा मात्र प्रश्न पावसाचा नव्हताच. नदी स्वतः गावात आली. नकाशावर पाहा: उत्तरेला वीहॉकन कोव्ह, दक्षिणेला तेव्हाचा लाँग स्लिपचा कालवा. ही दोन्ही टोकं खालची आहेत. पाणी तिथून शिरलं आणि मधल्या उंचवट्याला वळसा घालून पश्चिमेच्या सखल भागात साठलं. जवळपास १८०४च्या आधीचा नकाशा पुन्हा काढल्यासारखं. पन्नास कोटी गॅलन पाणी गावात आल्याचा अंदाज सांगतात. हजारो लोक घरात अडकले, नॅशनल गार्डचे ट्रक त्यांना काढायला आले. पश्चिम बाजूच्या सरकारी गृहसंकुलांत बरेच दिवस वीज नव्हती. होबोकनचं पाथ स्टेशन सुरू व्हायला १९ डिसेंबर उजाडला. वादळानंतर सात आठवडे!

पुढच्या वर्षी केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्यानं 'रीबिल्ड बाय डिझाइन' नावाची स्पर्धा घेतली. होबोकनसाठी काम करणाऱ्या चमूचं नेतृत्व ओएमए या मूळच्या रॉटरडॅमच्या वास्तुरचना संस्थेकडे होतं. त्यांनी योजना चार क्रियापदांत मांडली: अडवा, मंदावा, साठवा, बाहेर काढा. २०१४मध्ये या योजनेला २३ कोटी डॉलर मंजूर झाले. रॉटरडॅमचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पाण्याचा चौक ही कल्पना तिथे नुकतीच जमिनीवर उतरली होती. बेंथेमप्लाइन नावाचा चौक डिसेंबर २०१३मध्ये उघडला. तीन खोलगट भाग, त्यातला एक खेळाचा, आणि सुमारे १७ लाख लिटर पाणी धरायची सोय. डच लोकांनी शतकानुशतकं पाणी बाहेर ठेवायला भिंती बांधल्या, आणि आता ते पाण्याला गावाच्या मध्यात पाहुण्यासारखी जागा देत होते.

चार क्रियापदांपैकी पहिल्यावरूनच भांडण पेटलं. अडवा म्हणजे भिंत. ती कुठे बांधायची? सुरुवातीच्या पर्यायांत नदीकाठानं भिंत दाखवली होती. काठावरच्या रहिवाशांनी सभांमध्ये जोरदार विरोध केला. मॅनहॅटनचा देखावा जाईल, घरांच्या किमती पडतील. शेवटी २०१६मध्ये भिंत बरीचशी आत सरकवलेला पर्याय निवडला गेला. मला हा विरोध निव्वळ स्वार्थी वाटत नाही. दारासमोर भिंत कुणालाच नको असते. पण सभेला वेळ काढून कोण येऊ शकतं, कुणाचा आवाज नियोजनकारांपर्यंत पोचतो, हे बघण्यासारखं आहे. तळघरात भाड्यानं राहणारा आणि रात्रपाळी करणारा माणूस सहसा त्या खोलीत नसतो.

इथे एक हिशेब करून ठेवू, कारण बातम्यांमध्ये तो हरवतो. सँडीचं पाणी पन्नास कोटी गॅलन, पार्कची क्षमता वीस लाख. म्हणजे अडीचशे पार्क लागतील! तेव्हा हे चौक सँडीसाठी नाहीतच. नदी आली तर भिंतच हवी. चौक आहेत ते पावसासाठी: वर्षात अनेकदा येणाऱ्या, नाव नसलेल्या, बातमी न होणाऱ्या सरींसाठी. अशा वेळी पाणी एक-दोन तास कुठेतरी धरून ठेवलं, गटाराला दम घेऊ दिला, की अर्धं काम झालं. ओहोटी लागली की पंपानं ते हळूहळू सोडायचं. २९ सप्टेंबर २०२३ला न्यूयॉर्कच्या परिसरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, होबोकनलाही आणीबाणी जाहीर करावी लागली. पाणी साचलं, पण पूर्वीसारखं दिवसभर राहिलं नाही, बहुतेक ठिकाणी काही तासांत उतरलं. श्रेय एकट्या पार्कचं नाही. नवे पंप, वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यांवरचे पाणी मुरवणारे वाफे, सगळ्यांचं मिळून.

आता उन्हाकडे येऊ. पाणी मुरवायला जे लागतं, म्हणजे उघडी माती, मुळं, झाडं, तेच चौक थंडही ठेवतं. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्री परत करतात, म्हणून शहरात उन्हाळ्याच्या रात्री सुटका नसते. ओली माती आणि पानं मात्र उष्णता बाष्पीभवनात खर्च करतात. एकाच खर्चात दोन कामं. अर्थात सगळ्याच हिरव्या गोष्टी हिरव्या नसतात. मैदानावर कृत्रिम गवत घातलं तर ते भर उन्हात डांबरापेक्षाही तापू शकतं, आणि रबराच्या फरशीवर अनवाणी पोरांचे पाय भाजतात.

उष्णता आणि चौक यांचं नातं न्यूयॉर्कला फार पूर्वी, फार महागात कळलं होतं. ऑगस्ट १८९६मध्ये दहा दिवस शहर भाजून निघालं. लोअर ईस्ट साइडच्या टेनेमेंटमध्ये, आपल्या चाळींची आठवण यावी अशा खोल्यांत, खिडकी नसलेल्या जागी आठ-आठ माणसं. साधारण तेराशे माणसं दगावली असं इतिहासकार एडवर्ड कोन यांनी मांडलंय. आणि शहरातली उद्यानं? तिथे रात्री झोपायला मनाई होती. लोक गच्चीवर, जिन्यांवर, धक्क्यांवर झोपायचे, आणि झोपेत कुशी बदलताना खाली पडून काही मेले. झाडांखालची थंड जमीन काही ब्लॉक पलीकडे होती, पण नियमानं बंद. पोलीस आयुक्त होते थिओडोर रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. त्यांनी पोलीस ठाण्यांतून गरिबांना फुकट बर्फ वाटायची व्यवस्था केली. बर्फाचं वाटप त्या काळी क्रांतिकारक वाटलं असेल. मला मात्र राहून राहून त्या बंद उद्यानांचं नवल वाटतं. काहीही बांधायचं नव्हतं, फक्त बंदी उठवायची होती.

चाळीस वर्षांनी, ९ जुलै १९३६ला, सेंट्रल पार्कमध्ये १०६ अंश फॅरनहाइट नोंदलं गेलं. तो विक्रम अजून टिकून आहे. त्याच उन्हाळ्यात शहरानं सरकारी पैशातून अकरा मोठे सार्वजनिक जलतरण तलाव उघडले. म्हणजे शहरं शिकत नाहीत असं नाही. पण त्याच दशकात दुसरा एक नकाशाही काढला जात होता. केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेनं शहरांतल्या वस्त्यांना रंग दिले. कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जाला धोकादायक. तिथे पैसा गेला नाही, झाडं लागली नाहीत, हमरस्ते मात्र गेले. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०८ शहरांचं तापमान तपासलं. ९४ टक्के शहरांत जुन्या लाल वस्त्या शेजारपाजारच्या भागांपेक्षा आजही जास्त तापतात, आणि देशाची सरासरी काढली तर फरक सुमारे २.६ अंश सेल्सिअसचा. ऐंशी वर्षांपूर्वीची पेन्सिल आज थर्मामीटरवर दिसते.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर दादरला चला. हिंदमाता चौक बशीसारखा खोलगट. पाऊस पडला की तिथे पाणी तुंबणार हे मुंबईत पिढ्यान् पिढ्या गृहीत होतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला फक्त ७३, तेव्हापासून मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांची चर्चा थांबलेलीच नाही. काही वर्षांपूर्वी महापालिकेनं हिंदमाताचं पाणी नेण्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या. होबोकनमधलीच युक्ती, आकारानं मोठी: भरती आहे तोवर धरा, मग सोडा. तरीही मे २०२५मध्ये पाऊस ठरल्यापेक्षा खूप आधी आला आणि हिंदमाता पुन्हा पाण्यात गेलं. छोटी उदंचन केंद्रं वेळेत चालू झाली नव्हती. महापालिकेनं कंत्राटदारांना दंड केला. टाकी खणल्यावर फोटो निघतो. पंप चालू आहे ना, हे दरवर्षी कुणीतरी जाऊन बघण्याचा फोटो निघत नाही.

असे विषय निघाले की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: 'आपल्या पूर्वजांनी हे आधीच केलं होतं', सोबत एखाद्या बारवेचा सुंदर फोटो. बारव खरोखर सुंदर असते. पण ती उन्हाळ्यात भूजलापर्यंत उतरायची सोय आहे, पुराचं पाणी धरायची नव्हे. आणि आपल्या पाण्याच्या सार्वजनिक जागांचा इतिहास सांगायचाच तर तो महाडपासून सांगावा लागेल. सीताराम केशव बोले यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या १९२३च्या ठरावानं मुंबई प्रांतातली सार्वजनिक तळी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुली झाली, महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर. प्रत्यक्षात तिथे ओंजळ भरायला २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन चालत जावं लागलं, आणि नंतर त्या माणसांना मार खावा लागला. सार्वजनिक हा शब्द पाटीवर लिहिणं आणि तो खरा होणं यात किती अंतर असतं, हे मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको.

होबोकनमध्येही ते अंतर आहे. १९७८ ते १९८३ या काळात इथल्या जुन्या इमारतींत शेकडो आगी लागल्या, त्यातल्या कित्येक मुद्दाम लावलेल्या. पन्नासहून जास्त माणसं मेली, हजारो बेघर झाली, बहुतेक पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबं. वॉल स्ट्रीटवरच्या तरुणांना नदीपलीकडे फ्लॅट हवे होते, आणि भाडेकरू असलेल्या घरापेक्षा रिकामं घर महाग विकलं जात होतं. इतिहासकार डिलन गॉटलीब यांनी यावर सविस्तर लिहिलंय. आपल्या लोकांसाठीही हे गाव तेव्हा निवांत नव्हतं. सप्टेंबर १९८७मध्ये, जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांच्या धमक्या चालू असताना, नवरोझ मोदी या तरुणाला होबोकनच्या रस्त्यावर टोळक्यानं मारहाण केली आणि त्यात त्याचा जीव गेला. तीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१७मध्ये, याच गावानं रवी भल्ला या पगडीधारी शीख माणसाला महापौर निवडलं. मतदानाच्या आधी त्यांना दहशतवादी ठरवणारी पत्रकंही वाटली गेली होती. रेझिलियन्सिटी पार्क त्यांच्याच कारकिर्दीत उघडलं. मी याला सरळ प्रगतीची गोष्ट म्हणणार नाही, पण दोन्ही तारखा एकाच गावच्या आहेत.

आणि आता भाड्याचा प्रश्न. सखल बाजू स्वस्त होती ती ओली होती म्हणून. तिथलं पाणी हटलं, सावली आली, खेळायला जागा झाली, की तिची किंमत वाढणारच. सातवा रस्ता आणि जॅक्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं पार्क २०१९मध्ये झालं; तेही पोटात पाणी साठवतं. ते मुळात शेजारी टॉवर बांधायची परवानगी देताना शहरानं बिल्डरशी केलेल्या करारातून आलं. पार्क चांगलं आहे, आणि टॉवरशिवाय ते आलं नसतं. त्याआधी, २०१७मध्ये, नैर्ऋत्य कोपऱ्यातलं पहिलं पार्क झालं ते गाड्या लावायच्या जागेवर, सुमारे एक एकरात. तिथे बिल्डर नव्हता, शहरानं जागा घेतली आणि किमतीवरून कोर्टात भांडणही झालं. सार्वजनिक जागा मिळवायचे हे दोन मार्ग. पहिल्यात पैसे वाचतात आणि वस्ती बदलते. दुसरा महाग आणि कटकटीचा. मला दुसरा बरा वाटतो.

जॅक्सन स्ट्रीटच्या पार्कपासून काही ब्लॉकवर अँड्र्यू जॅक्सन गार्डन्स आहे, विटांच्या इमारतींचं सरकारी गृहसंकुल. सखल बाजूलाच. होबोकनच्या हाउसिंग अथॉरिटीच्या अशा जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी गेली काही वर्षं चालू आहेत. पुनर्विकास म्हटलं की लालबाग-परळच्या चाळीतला भाडेकरू पहिलं काय विचारतो? पुन्हा इथेच ना, आणि लेखी देणार का? जॅक्सन गार्डन्समधले भाडेकरूही बैठकांत इंग्रजीतून आणि स्पॅनिशमधून हेच विचारणार. त्या बैठका सार्वजनिक असतात. जवळ राहत असाल तर एखाद्या संध्याकाळी जाऊन बसता येईल, आणि परत येताना ते खाली खणलेलं मैदानही बघता येईल.